गाडीचे दार आतून उघडत नसेल तर

आपल्या व्यापारी बांधवांच्या गाड्या पाहिल्या तर एक गोष्ट हमखास आढळते. इंजिन ठीक, टायर ठीक, कागदपत्रे वेळच्या वेळी. पण एखाद्या दाराचे आतले हँडल निकामी. ओढले तर नुसते हलते, दार उघडत नाही. मग आत बसलेला माणूस काच खाली करतो, हात बाहेर काढतो आणि बाहेरच्या हँडलने दार उघडून उतरतो. काही दिवसांत याची सवय होते आणि सवय झाली की दोष हा दोष वाटेनासा होतो. बहुधा हे दार मालकाच्या बाजूचे नसते. स्टिअरिंगच्या बाजूचे हँडल तुटले तर दुसऱ्या दिवशी बदलले जाते. शेजारी नोकर, हमाल किंवा कारीगर बसतो, त्या बाजूचे वर्षानुवर्षे तसेच राहते.

हे काम घरी, साध्या हत्यारांनी, तास-दीड तासात होण्यासारखे आहे. या लेखात ते कसे करावे हे मारुती ८०० आणि मारुती ओमनी या दोन गाड्यांच्या पुढच्या दारांवरून सांगतो. ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. व्हॅन १९८४ साली आली, पुढे ओमनी या नावाने चालली आणि २०१९ मध्ये बंद झाली. तरीसुद्धा कापडाचे गठ्ठे, शिलाईचा माल, बेकरीचे ट्रे वाहणाऱ्या कितीतरी जुन्या ओमनी आजही रस्त्यावर आहेत. गाडी जुनी, म्हणून प्लास्टिक जुने, आणि प्लास्टिक जुने झाले की पहिला बळी याच हँडलचा जातो. उन्हात तापून ते ठिसूळ होते. शिवाय दार बाहेर ढकलताना लोक दाराला जोर लावण्याऐवजी हँडलच धरून जोर लावतात. हँडल खटका सोडण्यासाठी आहे, दार ढकलण्यासाठी नाही.

केवळ गैरसोय नव्हे

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात काही माणसे आपल्या बंद गाड्यांतच गुदमरून दगावली. गाडीत पाणी शिरले, दारे-काचा उघडता आल्या नाहीत. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. पाणी बाहेरून दाराला दाबू लागले की उत्तम हँडल असले तरी दार उघडणे फार कठीण होते. सुटका होते ती पाणी खाली असताना, पहिल्या काही मिनिटांत. त्या मिनिटांत हँडल ओढून पाहण्यात, मग काच उतरवण्यात, मग बाहेर हात घालून चाचपडण्यात वेळ गेला तर पुढे काय उरते?

ओमनीत दुसरा धोका आहे. तिचे इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते. वायर जळाली किंवा गॅसच्या जोडणीत गळती होऊन पेट घेतला तर धूर बसलेल्या माणसाच्या खालूनच वर येतो. अशा वेळी माणूस एकदाच हँडल ओढतो. ज्याला आपण पगार देऊन आपल्या गाडीत बसवतो त्याचा जीव आपल्याकडे अमानत आहे. त्याच्या बाजूचे दार आतून उघडते की नाही हे पाहणे मालकाचे काम आहे.

आतली रचना

दाराच्या आत काही गूढ नाही. ज्याने हातमाग पाहिला आहे त्याला ते लगेच समजेल. पावडी दाबली की दोरीने वई उचलली जाते. दोरी सुटली तर पावडी कितीही दाबा, वई जागची हलत नाही. येथे हँडल ही पावडी, दोरीच्या जागी एक बारीक लोखंडी सळई आणि वईच्या जागी दाराच्या मागच्या कडेला बसवलेले लॉक. या लॉकमधला खटका गाडीच्या चौकटीवरील लोखंडी हुकाला पकडून ठेवतो. हँडल ओढले की सळई लॉकमधली एक पट्टी ओढते, खटका सुटतो, दार मोकळे होते. बाहेरच्या हँडलची सळई वेगळी असते, पण ती याच लॉकला येऊन मिळते. काचेजवळच्या बोंडीची, म्हणजे दार आतून बंद करायच्या खुंटीची, सळई आणखी वेगळी. नव्या गाड्यांत आतल्या हँडलला सळईऐवजी सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते, तत्त्व तेच.

सळईचे टोक काटकोनात वळवलेले असते आणि ते एका लहानशा प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकते. माझ्या तजुर्ब्याप्रमाणे दोष बहुतेक वेळा या क्लिपमध्ये किंवा हँडलच्या कानात, म्हणजे जेथे सळई जोडली जाते त्या भोकात असतो. क्लिप नखाएवढी, पण तिच्यावाचून सारी साखळी बेकार.

उघडण्यापूर्वी निदान

हत्यार हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे तपासणीला द्यावीत. माझ्या ओळखीच्या एका शिंप्याला एका गॅरेजमध्ये संपूर्ण लॉक बदलावे लागेल असे सांगण्यात आले होते. दार उघडून पाहिले तर क्लिप निसटून दाराच्या तळाशी पडली होती. लॉकला हातही लावावा लागला नाही.

प्रथम बाहेरचे हँडल वापरून पाहा. बाहेरून दार नीट उघडत असेल तर लॉक शाबूत आहे आणि दोष आतल्या हँडलपासून लॉकपर्यंतच्या वाटेवर आहे. हे घरी करण्याचे काम. आता आतले हँडल ओढा. ते अगदी हलके, काही बोजा नसल्यासारखे फिरत असेल तर सळई सुटली आहे किंवा हँडलचा कान तुटला आहे. नीट जोर लागतो, अर्धवट ओढ जाणवते, पण खटका सुटत नाही, असे असेल तर कोठेतरी ढिलाई आली आहे. क्लिप झिजली असेल किंवा हँडल ज्या स्क्रूंवर बसते ते सैल झाले असतील. कधी कधी केवळ स्क्रू आवळून काम भागते. हँडल फार जड लागत असेल, आणि बाहेरचेही जड असेल, तर लॉक कोरडे पडले आहे किंवा त्यात गंज व कचरा भरला आहे.

चार दारांच्या गाडीत मागचे दार आतून उघडत नसेल तर काहीही सोडण्यापूर्वी ते दार बाहेरून उघडून त्याच्या कडेला पाहा. बहुतेक गाड्यांत तेथे एक लहान पट्टी असते, मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून. ती धुताना किंवा माल चढवताना सरकली की आतले हँडल आपोआप निकामी होते. ती परत सरकवली की दुरुस्ती झाली!

दार आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडत नसेल तर मात्र घरी झटू नये. दार बंद असताना आतले पॅड काढणे अवघड असते, जबरदस्तीत पॅड फुटते. एक उपाय तेवढा करून पाहावा. एका माणसाने बाहेरून दार आत दाबून धरावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी हँडल ओढावे. खटक्यावरचा ताण कमी झाला की कधी कधी तो सुटतो. नाही सुटला तर उस्तादाकडे न्यावे. ज्या गाड्यांच्या दारात एअरबॅग किंवा तिचे सेन्सर आहेत त्यांचे पॅडही घरी काढू नये.

हत्यारे व तयारी

चौफुलीचा आणि चपटा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, थोडे ग्रीस, चिकटपट्टी, स्क्रू ठेवायला वाटी आणि सुती कापडाची एक लांब चिंधी. ही चिंधी हात पुसायला नाही, तिचे काम पुढे येते. हातमोजे असावेत, कारण दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि आत हात घालून चाचपडावे लागते. काच पूर्ण वर करून घ्यावी म्हणजे आत जागा मोकळी मिळते. विजेवर चालणाऱ्या काचा असतील तर काच वर केल्यानंतरच बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. दार पूर्ण उघडे ठेवावे आणि काम संपून तपासणी होईपर्यंत ते कोणालाही लावू देऊ नये. लहान मुले जवळ असतील तर हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण सळई सुटलेली असताना दार लागले तर सोपे काम कठीण होऊन बसते.

पॅड काढणे

हँडलच्या भोवतालची प्लास्टिकची चौकट आणि दार ओढायचा हात यांचे स्क्रू सोडा. गाडीच्या सालाप्रमाणे ते कमीजास्त असतात, काही छोट्या झाकणाखाली दडलेले असतात. एखादी जागा निघत नसेल तर जोर लावण्याआधी तेथे आणखी एखादा स्क्रू आहे का हे शोधावे. निम्मी पॅडे या घाईतच फुटतात.

आता काच फिरवायचे हँडल. याला बाहेरून स्क्रू दिसत नाही आणि नवखा माणूस येथेच अडतो. हे हँडल मागच्या बाजूने घोड्याच्या नालेसारख्या एका तारेच्या क्लिपने धरलेले असते. यासाठी खास हत्यार मिळते, पण आपल्या चिंधीने ते काम तितकेच छान होते. हँडल आणि त्यामागची चकती यांच्या फटीत चिंधी घालावी, दोन्ही टोके दोन हातांत धरावीत आणि चांभार बूट चमकवतो तशी डावी-उजवीकडे ओढत न्यावी. चिंधी क्लिपच्या टोकांना पकडते आणि क्लिप वर ढकलली जाते. कापड सुतीच घ्यावे. टेरीकॉट घसरते, पकड घेत नाही. आमच्या धंद्यातला हा फरक येथेही लागू पडतो. क्लिप निघताना उडते, म्हणून वर एक हात किंवा रुमाल धरावा. ती हरवली तर अर्धा दिवस शोधण्यात जातो. काढण्यापूर्वी हँडल कोणत्या दिशेला होते तेही लक्षात ठेवावे, म्हणजे परत बसवल्यावर ते गुडघ्याला लागणार नाही.

यानंतर पॅड कडेच्या खिळ्यांवर बसलेले राहते. हे प्लास्टिकचे खिळे पत्र्याच्या भोकांत दाबून बसवलेले असतात. चपट्या स्क्रू ड्रायव्हरला चिकटपट्टी गुंडाळून तो खिळ्याच्या अगदी जवळ घालावा आणि एकेक खिळा सोडवत जावे. पॅडची कड मधेच धरून ओढली तर पुठ्ठा फाटतो आणि खिळा पत्र्यातच राहतो. सारे सुटले की पॅड वर उचलून बाजूला घ्यावे. आत विजेची वायर जोडलेली असेल तर झटका न देता तिचा जोड सोडावा.

पॅडच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. पुष्कळ मिस्त्री हा फाडून टाकतात आणि मालक काही बोलत नाही. वास्तविक हा कागद मोठ्या कामाचा आहे. पावसाचे पाणी काचेवरून ओघळून दाराच्या आत जाते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. कागद नसेल तर तेच पाणी पॅडला लागते, पॅड फुगते, आणि गाडीत ठेवलेल्या मालाला ओल लागते. कोऱ्या कापडाच्या थानाला ओलीचा डाग पडला तर गिऱ्हाईक भाव पाडते, मग हा डाग कोठून आला याचा आपण गोदामात शोध घेत बसतो. म्हणून कागद हळूहळू, लागेल तेवढाच सोलावा. आधीच फाटलेला असेल तर जाड प्लास्टिक कापून चिकटपट्टीने नवा लावावा. दाराच्या तळाची भोकेही याच वेळी काडीने मोकळी करून घ्यावीत.

दोष दूर करणे

टॉर्च घेऊन हँडलच्या मागे पाहा आणि हँडल ओढून सळई हलते का ते बघा. क्लिप सळईभोवती एका लहान कोयंड्यासारखी मिटलेली असते. तिची मिटलेली बाजू नखाने सोडवून फिरवली की सळई बाहेर निघते. हँडलचे स्क्रू सोडून ते हातात घ्या. कानाला तडा गेला असेल तर हँडल बदलावेच. तडा गेलेला कान चिकटवून आठवडाभर चालतो आणि मग नेमक्या घाईच्या वेळी तुटतो. दुकानात जाताना जुने हँडल व क्लिप नमुना म्हणून बरोबर न्यावी, जसे आपण रंग जुळवायला कापडाचा तुकडा नेतो. डाव्या व उजव्या दाराची हँडले वेगळी असतात आणि सालाप्रमाणे बनावटही बदलते. क्लिपा दोन-चार जास्त घेऊन ठेवाव्यात.

क्लिप न मिळाल्यास तारेने बांधून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. रस्त्यात अडल्यावर घरी पोहोचण्यापुरते ते ठीक, पण कायमचे नको. तार सैल झाली तर हँडल पुन्हा निकामी होते. ती फार आवळली गेली तर त्याहून वाईट, कारण सळई सतत ओढलेली राहते, खटका अर्धा सुटलेला राहतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की चालत्या गाडीचे दार उघडू शकते. हाच धोका नवे हँडल बसवतानाही आहे. काही गाड्यांत हँडल स्क्रूच्या लांबट भोकांत थोडे पुढेमागे सरकते. ते असे बसवावे की ओढताना सुरुवातीला किंचित मोकळे जावे आणि मग सळई ओढली जावी. अगदी ताठ बसवू नये.

लॉक जड असेल तर त्यातला कचरा आधी काढावा. आपल्या यंत्रमागाच्या गावांत कापसाची रुई हवेतच असते. जुन्या ग्रीसवर ती बसून घट्ट लगदा होतो. यावर आणखी तेल ओतणे म्हणजे मागावर रुई न झाडता तेल देण्यासारखे. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा मारून खटका स्क्रू ड्रायव्हरने हलवावा, लगदा फडक्याने पुसून काढावा आणि मगच थोडे ग्रीस लावावे. नुसता फवारा पुरत नाही. तो गंज सोडवतो, पण उडून जातो आणि लॉक पुन्हा कोरडे होते. इंजिनचे काढलेले काळे तेल मात्र लावू नये, त्यात झिजलेल्या धातूचा कीस असतो आणि पुढे ते तेल कपड्यांना लागते. हँडलच्या खिळीला व क्लिपला ग्रीसचे बोट पुरे.

दार लावण्यापूर्वी परीक्षा

हा भाग कोणीही टाळू नये. दार उघडेच ठेवून लॉकचा खटका स्क्रू ड्रायव्हरने आत ढकला, जणू काही चौकटीवरचा हुकच आत शिरला आहे. दोनदा ‘टक’ असा आवाज येईल, पहिला अर्ध्या बंदचा, दुसरा पूर्ण बंदचा. आता आतले हँडल ओढा. खटका झटकन सुटला पाहिजे. पुन्हा बंद करून बाहेरच्या हँडलने सोडवा. मग बोंडी दाबून, उचलून आणि किल्ली फिरवून पाहा. प्रत्येक प्रकार तीन-चार वेळा करावा. यात कोठे अडले तर दोष हाताशी आहे, दार उघडे आहे, काही बिघडलेले नाही. हीच गोष्ट दार लावल्यावर कळली तर सारे काम पहिल्यापासून, आणि तेही बंद दारावर.

सर्व ठीक असेल तर कागद चिकटवा, पॅडचे खिळे भोकांसमोर आणून तळहाताने दाबा, स्क्रू लावा. काच फिरवायच्या हँडलमध्ये क्लिप आधीच बसवून घ्यावी आणि मग हँडल दांड्यावर ठेवून तळहाताने ठोकावे. क्लिप आपोआप खाचेत बसते. पहिल्यांदा दार लावताना काच खाली ठेवा, म्हणजे काही राहून गेले असले तरी बाहेरचे हँडल हाताशी राहील. त्यानंतर एका माणसाला आत बसवून, काच वर करून, त्याच्याकडूनच दार उघडवून घ्यावे.

गाडी विकताना

ओमनी नवी मिळत नसल्याने जुन्यांची खरेदी-विक्री होते. घेणारा इंजिन ऐकतो, कागद पाहतो, पण चारी दारे आतून उघडून पाहणारा विरळा. घेणाऱ्याने प्रत्येक आसनावर बसून, काच बंद करून, हँडल ओढून पाहावे. विकणाऱ्यावर याहून मोठी जबाबदारी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. हदीसमधील हा प्रसंग आपण सर्व जाणतो आणि कापडाच्या दोषाबाबत तो पाळतोही. विकावयाच्या गाडीच्या बिघडलेल्या हँडलला तोच नियम लागतो. एक तर दुरुस्त करून द्यावे, नाही तर दार आतून उघडत नाही असे सांगून द्यावे. काच खाली ठेवून गाडी दाखवणे आणि गिऱ्हाइकासाठी आपणच बाहेरून दार उघडणे ही ओली रास झाकण्याचीच रीत आहे.

ओमनीच्या बाजूच्या सरकत्या दाराबद्दल दोन शब्द. त्याचे आतले हँडलही सळयांनीच काम करते, पण ते दार रुळावर चालते आणि पुष्कळदा हँडलचा वाटणारा दोष रुळाचा असतो. खालच्या रुळात दोऱ्याचे तुकडे, सुतळी व माती साचते आणि दार अडते. प्रथम रूळ झाडून, पुसून, थोडे ग्रीस लावून पाहावे. तेवढ्याने दार मोकळे झाले नाही तर दार उतरवण्याचे काम अंगावर घेऊ नये. ते जड असते, दोन माणसे लागतात आणि परत रुळावर चढवणे हा जाणत्या मिस्त्रीचा हुनर आहे. त्याच्याकडे द्यावे, मजुरी आधी ठरवावी आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत.